बरोबरी करू नकोस!

दोन गोष्टी एका पातळीवर आणण्यासाठी मराठीत एक सोडून चार-पाच क्रियापदं आहेत. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. कुठलं कधी वापरायचं हे चुकलं, की घरातले हिशेबही चुकतात.

१९७६ सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होते. आजोबांच्या वर्षश्राद्धाला सगळे गावी जमले होते. दुपारची जेवणं उरकल्यावर दोन्ही काका आणि बाबा ओटीवर कागद घेऊन बसले. नदीकडची जमीन कोणाची, घराचा मागचा भाग कोणाकडे, कलमांचं काय करायचं, अशी बोलणी चालली होती. माजघरात आत्या सुपारी कातरत होती आणि आजी वाती वळत होती. आत्यानं मान वर न करता विचारलं, "आई, माझं काही धरलंय का गं त्यात?"

आजीचे हात थांबले. म्हणाली, "अगं, भावांशी बरोबरी करतेस होय? तुझं लग्न केलं ना थाटात? झालं की सगळं सारखं!"

आत्या पुढे काही बोलली नाही. दिवाळीनंतर पुन्हा आली तेव्हा तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून गेली. जाताना आजीनं तिची खणा-नारळानं ओटी भरली.

मला त्या वयात जमिनीचं काही कळत नव्हतं, पण आजीचं बोलणं मात्र कानात राहिलं. एका दमात तिनं दोन शब्द वापरले होते. दोन्हींचा अर्थ शब्दकोशात जवळजवळ एकच निघेल. तरी 'बरोबरी करणं' हा आत्याचा गुन्हा ठरला आणि 'सारखं होणं' हे तिचं समाधान! असं कसं?

छातीला छाती

'बरोबर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'बर' म्हणजे छाती. 'बर-आ-बर' म्हणजे छातीला छाती लावून, शेजारी शेजारी उभे राहिलेले. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. गंमत पाहा, वाटणीच्या कागदावरचे बहुतेक शब्द याच वाटेनं आले आहेत. जमीन फारसी. हिशेब, वारस आणि हक्क हे मूळचे अरबी, फारसीमार्गे आलेले. 'वाटणी' तेवढी आपली.

मराठीत आल्यावर 'बरोबर'ला तीन अर्थ चिकटले. 'माझ्याबरोबर चल' यात तो सोबत आहे. 'उत्तर बरोबर आलं' यात तो अचूक आहे. आणि 'दोघं बरोबरीचे' यात तो समान आहे. लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा आमचा भाजीवाला पैसे परत देताना दर वेळी विचारायचा, "बराबर छे ने, बेन?" गुजरातीत या शब्दावर भर आहे तो 'ठीक, अचूक' या अर्थाचा. हिंदीत मात्र 'बराबर' म्हणजे मुख्यतः समान. 'हिसाब बराबर' म्हणजे देणं-घेणं फिटलं. त्यालाच आपण 'फिट्टंफाट' म्हणतो. हिंदीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे सतत. 'वह बराबर आता रहा' याचं मराठी करताना आपण म्हणतो, 'तो सारखा येत राहिला.' म्हणजे समानतेच्या शब्दातून सातत्याचा अर्थ काढण्याची युक्ती हिंदीनं 'बराबर'वर केली, तीच मराठीनं 'सारखा'वर! इंदूर-भोपाळकडच्या मराठी घरांत या दोन शब्दांची अदलाबदल ऐकायला मोठी मजा येते.

आता क्रियापदाकडे येऊ. 'बरोबरी' हे नाम एकटं असतं तोवर सभ्य असतं. त्याला कुठलं क्रियापद जोडलं जातं, यावर त्याची इज्जत ठरते. 'बरोबरी साधली' म्हटलं की शाबासकी आणि 'बरोबरी केली' म्हटलं की चूक. वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडून पाहा. शेवटच्या मिनिटाला गोल करून संघ बरोबरी 'साधतो'. घरात मात्र धाकटी जाऊ मोठीशी बरोबरी 'करते', नोकर मालकाशी 'करतो' आणि मुलगी भावाशी 'करते'. वर चढणाऱ्याला खाली खेचायचं असेल तेव्हाच हे क्रियापद बाहेर काढलं जातं. वरून खाली कधी कोणी बरोबरी करत नाही. सासूनं सुनेशी बरोबरी केली, असं वाक्य कधी कानावर पडलंय का? छातीला छाती लावून उभं राहणं हा मूळ अर्थ, पण या वापरात फक्त एकाचीच छाती उद्धट ठरते.

क्रीडापानाचा विषय निघालाच आहे, तर सप्टेंबर १९८६ मधली मद्रासची कसोटी आठवल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियानं चेपॉकवर भारतापुढे ३४८ धावांचं आव्हान ठेवलं होतं. शेवटच्या षटकात रवी शास्त्रीनं एक धाव काढून बरोबरी साधली आणि मणिंदर सिंगला फलंदाजीला आणलं. षटकाचा एक चेंडू बाकी असताना मणिंदर पायचीत झाला आणि भारताचा डाव ३४७ वर संपला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असा बरोबरीत सुटलेला हा दुसरा सामना. पहिला १९६० साली ब्रिस्बेनला झाला होता. तिसरा अजून झालेला नाही. पण आकडे नीट पाहा. ऑस्ट्रेलियाचे डाव ५७४ आणि १७०, भारताचे ३९७ आणि ३४७. चारांतला एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही. तरी दोन्हीकडची बेरीज ७४४! ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अंथरूण सारखं कर

आजीचा दुसरा शब्द 'सारखं'. हा संस्कृत 'सदृक्ष'चा वंशज. प्राकृतात त्याचं 'सरिक्ख' झालं आणि तिथून तो मराठीत आला. हिंदीतला 'सरीखा' त्याचाच भाऊ. मूळ अर्थ आहे 'तसाच दिसणारा'. भर आहे तो दिसण्यावर.

घरात आपण हे क्रियापद कुठे वापरतो पाहा. अंथरूण सारखं कर. साडीच्या निऱ्या सारख्या कर. पदर सारखा कर. पाहुणे यायच्या आत खोली सारखी करून ठेव. यात मोजमाप कुठेच नाही. चुणी मोडायची, उंचवटा दाबायचा, वरून नजर फिरवली की डोळ्यांना खुपू नये एवढंच बघायचं. चादरीखाली काय आहे ते चादरीखालीच राहतं. 'तुझं लग्न केलं, सगळं सारखं झालं' असं आजी म्हणाली, तेव्हा तिनं अंथरूणच सारखं केलं होतं. लग्नाला किती खर्च आला आणि नदीकडच्या जमिनीची किंमत काय, हे दोन आकडे कोणीही शेजारी शेजारी लिहिले नव्हते. आजीनं मुद्दाम लबाडी केली असं मला वाटत नाही. तिच्याही आईनं तिच्यापुढे असंच अंथरूण घातलं असणार.

खरं तर मोजून समान करणारी क्रियापदं आपल्याकडे नव्हती असं नाही. ती वाण्याच्या दुकानात होती. तेलाचं भांडं घेऊन गेलं की वाणी आधी रिकाम्या भांड्याचा 'धडा' करायचा. म्हणजे भांड्याच्या वजनाइतके दगड किंवा वजनं दुसऱ्या पारड्यात टाकून काटा मधे आणायचा आणि मगच तेल ओतायचा. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही एका बाजूला कलत असतील, तर हलक्या बाजूला जो बारीकसा तुकडा बांधतात तो 'पासंग'. 'तो त्याच्या पासंगालाही पुरत नाही' हे आपण सहज म्हणून जातो. म्हणजे सगळं माप राहू द्या, त्या तुकड्याएवढीही त्याची किंमत नाही! वाण्यांना जे कळत होतं ते घराघरांत का कळू नये? तोलायला सुरुवात करण्याआधी पारडी समान आहेत का, ते बघावं लागतं.

सहा घोडे, दहा घोडे

मोजून समान करण्याचा सगळ्यांत नेमका शब्द मात्र आपण शाळेच्या गणिताच्या तासाला सोडून आलो. तो म्हणजे समीकरण.

हा शब्द उघडून पाहण्यासारखा आहे. 'सम' आणि 'करण' यांच्या मधे जो दीर्घ 'ई' आलाय, तो उगाच नाही. पाणिनीच्या व्याकरणात याला 'च्वि' प्रत्यय म्हणतात. जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं किंवा केलं, असा त्याचा अर्थ. भस्मीभूत म्हणजे आधी राख नव्हती, आता झाली. शुद्धीकरण, वशीकरण, नूतनीकरण हे सगळे त्याच घरचे. आपल्या नगरपालिका 'रस्ता रुंदीकरण' करतात तेव्हा रुंद या मराठी शब्दालाही त्या हाच संस्कृत 'ई' लावतात. म्हणजे 'समीकरण' या शब्दातच एक कबुली आहे. या दोन गोष्टी मुळात सम नव्हत्या, त्या आता सम करायच्या आहेत. 'बरोबरी'त ही कबुली नाही, 'सारखं' करण्यात तर नाहीच नाही.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. स्वतःचं गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यानं काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. तेव्हा त्यांना आपलं माणूस म्हणायला हरकत नाही. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात समीकरणांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यातलं एक उदाहरण माझं फार आवडतं आहे. दोन माणसं आहेत. एकाकडे तीनशे रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर शंभर रुपयांचं कर्ज. घोडे सगळे एका किमतीचे आणि दोघांची संपत्ती सम आहे. तर घोड्याची किंमत किती?

भास्कराचार्यांची रीत अशी. जे माहीत नाही त्याला 'यावत्तावत्' म्हणायचं, म्हणजे जेवढं असेल तेवढं. थोडक्यात 'या'. माहीत असलेल्या रकमेला 'रू'. ऋण असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब. मग दोन्ही माणसांच्या दोन ओळी एकाखाली एक मांडायच्या. वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००' आणि त्या शंभरावर टिंब. दोन्ही ओळींतून समान तेवढं वजा करत जायचं. सहा घोडे दोन्हीकडून काढले की एकीकडे घोडा उरत नाही, दुसरीकडे चार उरतात. शंभराचं कर्ज फिटायला दोन्हीकडे शंभर घातले की एकीकडे चारशे होतात. चार घोड्यांचे चारशे म्हणजे एकाचे शंभर. पडताळा बघा: तीनशे आणि सहाशे मिळून नऊशे. हजारातून शंभर गेले की नऊशे.

या दोघांना रस्त्यात पाहिलं तर कोणीही त्यांना सारखे म्हणणार नाही. एकाच्या दारात दहा घोडे खिंकाळतायत आणि दुसऱ्याच्या कनवटीला रोकड आहे. दिसायला सारखे नाहीत, तरी सम आहेत. मद्रासच्या कसोटीसारखंच हे. आणि हे कळलं कशामुळे? कर्जसुद्धा लपवून न ठेवता ओळीत मांडलं म्हणून.

आपण आज बराबरच्या चिन्हासाठी ज्या दोन आडव्या रेघा मारतो, त्या नंतरच्या. रॉबर्ट रेकॉर्ड या ब्रिटिश गणितज्ञानं १५५७ साली पुस्तकात पहिल्यांदा छापल्या. 'अमुक हे तमुकाच्या समान आहे' असं पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. एकाच लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक समान काय असणार, असं त्याचं म्हणणं.

हल्ली या शब्दाचे हाल झालेत, तो भाग वेगळा. निवडणुका आल्या की जातींची समीकरणं मांडतात. 'गोरी म्हणजे सुंदर', 'टक्के म्हणजे हुशारी', 'पगार म्हणजे यश' ही तर घरोघरची समीकरणं. मांडणारे दोन्ही बाजू कागदावर कधीच मांडत नाहीत, नुसत्या मधल्या दोन रेघा मारून मोकळे होतात.

कायद्याची दोन रेघांची खूण

आत्याचा प्रश्न १९७६ चा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलगा जन्मतःच हिस्सेदार आणि मुलीला फक्त वडिलांच्या हिश्श्यातला वाटा. थोडक्यात, आत्याचा वाटा भावांपेक्षा कमी होता, पण होता! तो मागणं ही बरोबरी नव्हती. लग्नात केलेला खर्च त्यातून वजा करण्याची सोयही कायद्यात नाही.

महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलीला जन्मतः हिस्सेदार केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच घरातली मोठी बहीण बाहेर आणि धाकटी आत! मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट काढून टाकली. मुलगी ही मुलगा असती तर तिला जे हक्क मिळाले असते, तेच तिला मिळतील आणि जबाबदाऱ्याही त्याच येतील, असा त्या कलमाचा रोख आहे. हक्क आणि ऋण, दोन्ही ओळीत. तरी वडील २००५ मध्ये हयात हवेत की नकोत, यावर पंधरा वर्षं खटले चालले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हक्क जन्मानं मिळतो, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

कायदा इतका स्पष्ट झाला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी कमी झालेल्या दिसत नाहीत. कोणी मनापासून सोडतं, त्याला काय म्हणणार? पण पुष्कळजणींना भीती जमीन जाण्याची नसते, माहेर तुटण्याची असते. रक्षाबंधनाला दार उघडं राहावं म्हणून त्या सही करतात. आणि सही करताना कानात तेच वाक्य असतं, बरोबरी करू नकोस.

बाबा २०११ मध्ये गेले. आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, अगं वाटण्यांचं एकदा उरकून टाकू. कधी येतेस?" मी गेले. जेवणं झाली, भाऊ म्हणाला, "तुला काय हवं ते घे, आपल्यात कसला हिशेब!" अगदी मनापासून म्हणाला तो. पण मला माजघरातली सुपारी कातरणारी आत्या दिसली. मी म्हटलं, "तसं नको. कागद आण."

दोन ओळी मांडल्या. बाबांनी घेतलेला फ्लॅट आणि गावाकडचा त्यांचा हिस्सा मधोमध लिहिला. माझ्या ओळीत लग्नातलं सोनं मीच लिहायला लावलं. कायदा तसं सांगत नाही, पण मला ते लपवायचं नव्हतं. भावाच्या ओळीत आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आला. मग शेवटची सहा वर्षं आईचं सगळं अंथरुणात होतं आणि ते भावजयीनं केलं, ते कसं लिहायचं? भाऊ म्हणाला, "ते राहू दे." भावजय काही बोलली नाही, ताटं उचलायला लागली. मी तिला बसवलं. किती लिहायचं ते तिघांनाही सुचेना, म्हणून तिथं 'या' लिहिलं. त्या 'या'ची किंमत अजून निघालेली नाही. कागद भावाच्या कपाटात आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचं ठरलंय.

उठता उठता भावानंच विचारलं, "ताई, गावाकडचा बाबांचा हिस्सा लिहिला खरा. पण त्यात आत्याचं होतं ना?"

कायद्याच्या दृष्टीनं ते प्रकरण हक्कसोडपत्र झालं तेव्हाच मिटलं होतं. तरी आत्याला फोन लावला. ती आता पंच्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं. भावानं दोनदा मोठ्यानं सांगितलं. "मेल्यांनो, आता मला काय करायचीय जमीन," ती म्हणाली. मग बराच वेळ काही आवाज नाही. फोन बंद पडला असं वाटून भाऊ ठेवणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "किती धरताय?"